कानात न सांगितलेलं नाव

या लिखाणात कोणाचंही नाव येणार नाही, आणि माझ्या लेकीचं तर नाहीच नाही. ते तिचं आहे, मोठी झाली की ज्याला सांगायचं त्याला ती सांगेल. मी त्या नावाला किती भ्यायले, एवढंच मला सांगायचं आहे. तशी मी जन्माचीच भित्री. पालीला भिते, लिफ्टला भिते, साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं की दाराशी पोचेपर्यंत मला मागच्या पाच वर्षांतल्या सगळ्या चुका आठवतात. पण या भीतींवर मी स्वतःच हसू शकते. त्या वर्षीच्या भीतीवर मला कधी हसता आलं नाही.

मी अमरावतीला जन्म-मृत्यूच्या नोंदी करते. खिडकीच्या आतल्या बाजूला माझी खुर्ची. दवाखान्यातून कागद येतो तेव्हा त्यावर आईबापाची नावं असतात, तारीख असते, वजन असतं आणि बाळाच्या नावाची जागा रिकामी असते. ती पुढे आईबाप येऊन भरतात. वर्षाच्या आत भरली तर काम सोपं. नंतर अर्ज, शुल्क, फेऱ्या. आणि एकदा भरलेलं नाव बदलायचं म्हटलं, तर माणसाला नाकी नऊ येतात. म्हणून मी दिवसातून दहा वेळा खिडकीतून सांगते, की बाई, जागा रिकामी ठेवू नका, शाळेच्या वेळी रडाल. माझा सूर जरा दरडावणीचा असतो. लोकांना मी खडूस वाटते आणि ते मला चालतं.

माझी मोठी बहीण एकवीस वर्षांची असताना गेली. ताप आला, प्लेटलेट उतरल्या, आणि चौथ्या दिवशी आम्ही अकोल्याच्या घरी परत आलो ते तिला न घेता. त्या दिवसापासून आईनं तिचं नाव घेतलं नाही. विषय निघालाच तर 'मोठी' म्हणायची. मोठीले वांगं आवडत नव्हतं, मोठीचा पाय दारात असा अडकायचा. शेजारच्या घरी त्याच नावाची सून आली, तर आई तिला कायम 'सूनबाई'च म्हणत राहिली. आईचं पाहून मीही ते नाव टाकून दिलं. घरात कोणी तसा नियम केला नव्हता, पण आम्ही तो पाळला.

मला पाचवा महिना होता तेव्हा आईचा फोन आला. आई अकोल्यात अंगणवाडी सेविका आहे. आधी नेहमीप्रमाणे आहाराच्या पाकिटांची रड, मग मदतनीस सुट्टीवर गेल्याची रड. मग म्हणाली, मुलगी झाली तर हे नाव ठेव, आणि तिनं ते नाव घेतलं. चौदा वर्षांनी. ती रडली नाही, अडखळली नाही. मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते, तिथेच पायरीवर बसले आणि हो म्हणाले. मला इतका आनंद झाला होता, की आईनं काहीही मागितलं असतं तरी मी हो म्हणाले असते.

त्यानंतर दोनच महिन्यांनी ती बातमी आली. कुठल्या तरी दूरच्या राज्यातली एक बाई. तिनं दुधात काहीतरी कालवून नवऱ्याला मारलं, असा आरोप. खटला अजून चालूच आहे, पण लोकांनी निकाल पहिल्याच आठवड्यात लावून टाकला. दोन महिने टीव्हीवर दुसरं काही नव्हतं. ओढणीनं तोंड झाकलेली ती बाई पोलिसांच्या गाडीतून उतरतेय, आणि खाली मोठ्या लाल अक्षरांत माझ्या बहिणीचं नाव.

मग विनोद सुरू झाले. बायको चहा घेऊन येते, नवरा म्हणतो, "आधी तू पी." एवढाच विनोद. पण तो लग्नात झाला, शाळेच्या गॅदरिंगमध्ये झाला, पानठेल्यावर झाला, आमच्या ऑफिसात तर रोज झाला. आमच्याकडे कर विभागात त्याच नावाच्या एक बाई होत्या, निवृत्तीला आलेल्या, सगळ्यांना डब्यातलं लोणचं वाढणाऱ्या. कँटीनमध्ये त्यांनी कोणापुढे चहाचा कप सरकवला की समोरचा म्हणायचा, "आधी तुम्ही प्या, मॅडम." पहिले पंधरा दिवस त्या हसल्या. मग त्यांनी घरून थर्मास आणायला सुरुवात केली आणि आपल्या टेबलावर एकट्याच चहा पिऊ लागल्या. त्यांना छळणारी माणसं वाईट नव्हती. त्यातले दोघं माझ्या लग्नात आहेर घेऊन आले होते. मला भीती वाटली ती त्याचीच. वाईट माणसांपासून पोरीला दूर ठेवता येतं, पण चांगल्या माणसांना कुठं कुठं चुकवणार?

आणि मी तरी काय केलं? त्याच दिवसांत एक बाळंतीण खिडकीशी आली, सोबत तिची आई. अर्जावर तेच नाव लिहिलेलं. मी अर्ज वाचला आणि जागच्या जागी म्हणाले, "काहो, टीव्ही पाहत नाही का?" तिच्या मागे रांगेत कोणीतरी खुदकन हसलं. ती पोरगी लाल झाली. आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि "मग राहू द्या" म्हणून अर्ज परत घेऊन गेली. मी घरी जाऊन नवऱ्याला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की आज मी एका पोरीला वाचवलं. तो म्हणाला, आणि आपल्याकडे काय ठरलंय?  ती बाळंतीण ते नाव कोणाच्या आठवणीसाठी ठेवत होती, हे मी तिला विचारलंही नव्हतं.

आईला बातमी माहीत होती. मी फोनवर आडून आडून विषय काढला. लोक काय काय बोलतात ते सांगितलं, नाव थोडं बदलून ठेवता येईल असंही सुचवलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"त्या बाईनं काय केलं ते तिच्यापाशी," ती म्हणाली. "माह्या पोरीनं कोनाचं काय केलं होतं?"

 नवऱ्यानं माझ्यावर सोपवून टाकलं. बहीण तुझी, आई तुझी, तू म्हणशील ते. हा समजूतदारपणा म्हणावा की अंग काढून घेणं, हे मला अजून कळलेलं नाही. मुलगा व्हावा असं मी आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं, पण शेवटचे दोन महिने मी मनातल्या मनात तेच मागत होते, केवळ या एका नावापायी. त्याची मला लाज वाटते.

मुलगी झाली. बीपी वाढलं होतं म्हणून डॉक्टरांनी प्रवास करू दिला नाही, नाही तर पहिलं बाळंतपण अकोल्यालाच व्हायचं. आई रजा काढून अमरावतीला आली. पोरीला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा तिनं तिच्या पायाची बोटं मोजली, कान पाहिले, आणि कानाशी वाकून काही बोलणार तोच थांबली. म्हणाली, नाही, आत्याचा मान आहे, आधी आत्या सांगेल.

बाराव्या दिवशी घरी नामकरण ठेवलं. सकाळी वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं. मग बायकांच्या ताब्यात पाळणा आला आणि घुगऱ्यांची परात. माझी नणंद बाळापूरहून आली होती. मोठी दणकट बाई, स्वभावानं मोकळी. आमच्याकडे आत्या बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगते, आणि त्याच वेळी मागून बायका तिच्या पाठीत गुद्दे घालतात. ही गंमत सगळ्यांना एवढी आवडते की आत्यानं काय नाव घेतलं ते कोणालाच ऐकू येत नाही.

पाळण्याकडे वाकण्याआधी नणंदेनं मला आतल्या खोलीत गाठलं. "वहिनी, नाव कोन्तं घेऊ?"

मी तोंड उघडलं. बाहेरच्या खोलीत सगळ्या बायका बसल्या होत्या, ऑफिसातल्याही चार होत्या. माझ्या डोळ्यांपुढे त्या थर्मासवाल्या बाई आल्या, खिडकीतली ती लाल झालेली पोरगी दिसली, आणि पंचवीस वर्षांनी माझी पोर कोणासमोर तरी चहाचा ट्रे घेऊन उभी दिसली. 

"ताई," मी म्हणाले, "काहीच घेऊ नका. नुसतं कुर्र करा."

 तिनं माझ्या दंडाला धरून जरा दाबलं आणि बाहेर गेली. बाहेर गुद्द्यांचा आणि हसण्याचा गलका उठला. बायका नाव काय, नाव काय म्हणून मागे लागल्यावर मी म्हणाले की दाखल्यावर आलं की सांगते, तोवर छकुली म्हणा. ऑफिसवाली बाई, ती अशीच बोलणार, म्हणून सगळ्या हसल्या. आईही हसली. जाताना माझ्या कानाशी लागून म्हणाली, बरं केलं लोकांच्या तोंडी दिलं नाहीस, नाव कानात पडलं म्हणजे झालं. मी तिचा गैरसमज दूर केला नाही. माझ्या पोरीचं नामकरण झालं होतं आणि तिला नाव नव्हतं, हे नणंद आणि मी सोडून कोणालाही माहीत नव्हतं.

आई अकोल्याला परत गेली आणि रोज संध्याकाळी फोन करू लागली. फोन स्पीकरवर टाकायला लावायची आणि पोरीला त्या नावानं हाका मारायची. एकदा नाही, पंधरा-वीस वेळा. नाव घेऊन दूध प्यायलीस का, नाव घेऊन पाय हलव, नाव घेऊन हास. इतकी वर्षं आत कोंडून ठेवलेलं सगळं बाहेर येत होतं. मी आवाज कमी करून दार लोटून घ्यायचे. आमच्या घरात पोरगी छकुली होती, आणि दिवसातली दहा मिनिटं, फोनमध्ये, ती दुसरीच कोणीतरी असायची.

ऑफिसात मी लोकांना दरडावतच होते, जागा रिकामी ठेवू नका म्हणून. दुपारी खिडकी बंद झाली की संगणकावर माझ्या लेकीची नोंद उघडायची, रिकामी जागा बघायची आणि बंद करायची. दुसरी चांगली नावं शोधून ठेवली होती. त्यातलं एकही भरवेना. आईला सांगायचं कसं याची भीती, आणि तेच नाव भरलं तर पुढं पोरीचं काय होईल याची भीती. दोन्हीकडून मी सारखीच अडकले होते. पोरीला बाटलीनं दूध पाजतानासुद्धा तो घाणेरडा विनोद डोक्यात यायचा. मग मी बाटली बाजूला ठेवून तिला नुसती छातीशी धरून बसायचे.

पोर नऊ महिन्यांची झाली आणि गोवराच्या लसीची वेळ आली. आईनं हट्ट धरला की लस तिच्या अंगणवाडीतच द्यायची, तिच्याकडे येणाऱ्या नर्स सिस्टरचा हात हलका आहे. मी रजा टाकली आणि पोरीला घेऊन अकोल्याच्या बसमध्ये बसले. मूर्तिजापूरच्या अलीकडे आईचा फोन आला. हात मोकळा नव्हता म्हणून स्पीकरवर टाकला. आणि आईनं भर गाडीत, आपल्या अंगणवाडीच्या खणखणीत आवाजात, पोरीला हाक मारली.

पुढच्या सीटवरचे गृहस्थ मागे वळले. साठीचे, टापटीप, मांडीवर केळ्यांची पिशवी. त्यांनी पोरीकडे पाहिलं, तिच्या तोंडातल्या दुधाच्या बाटलीकडे पाहिलं, आणि हसून म्हणाले, "ताई, आधी तिलेच पाजा, तेच बरं." शेजारचे दोघं हसले. मग त्यांनी अगदी मायेनं पिशवीतलं एक केळं काढून पोरीच्या हातात दिलं.

मी केळं घेतलं. 'थँक्यू' म्हणाले.  तिला अजून दात आले नव्हते, आणि तिचा विनोद झाला होता. अकोला येईपर्यंत मी ठरवून टाकलं, की आज आईला सांगायचं, हे नाव नाही.

मला सांगावं लागलंच नाही. संध्याकाळी आईनं उद्याच्या रजिस्टरसाठी माझ्या पिशवीतून लसीकरणाचं कार्ड काढलं. तिनं अशी हजारो कार्डं पाहिलेली. वर बाळाच्या नावापुढे दवाखान्यानं लिहिलेलं 'बेबी ऑफ' आणि माझं नाव, तसंच्या तसं होतं. तिनं दाखला मागितला. मी म्हणाले, केला नाही. ती म्हणाली, राहिला असेल कामाच्या गडबडीत, नाव तर कानात सांगितलंच आहे. तेव्हा मी तिला नुसत्या कुर्रचं सांगितलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला.

"मी गच्चीवर जाऊन फोन करत होती तुले," ती म्हणाली. "खाली केला की मदतनीस हासते. भाजीवाली बी हासते. मी बी भेली बाई. पन मले वाटलं, तू नाई भेली. तू एवढी भित्री, आन् तू नाई भेली, म्हनून मीनं दम धरला."

 तिनं कार्ड माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "दुसरं ठेव. उद्या सिस्टरले तेच सांगू."

मी हेच मागायला आले होते. ते न मागता मिळालं, आणि मला जराही सुटल्यासारखं वाटलं नाही.

सकाळी आईनं भाकरीचं पीठ काढलं आणि पोरीला मधल्या खोलीत चटईवर बसवलं, पुढ्यात वाटी आणि चमचा. स्वयंपाकघराच्या दारातून तिनं हाक मारली, "छकुली." पोरीनं मान वर केली नाही, चमचा आपटतच राहिली. आईनं आणखी दोनदा हाक मारली. मग ती म्हणाली, "या नावानं मी कधी आवाज देलाच नाई ना तिले," आणि आत गेली. थोड्या वेळानं परातीत भाकरी थापण्याचा आवाज येऊ लागला.

मी कार्ड घेऊन पोरीसमोर बसले होते. मला आठवलं, लहानपणी कुत्रा मागे लागला, दिवे गेले, कोणी पोरांनी रस्ता अडवला, की मी डोळे मिटून बहिणीचं नाव ओरडायचे. ती असेल तिथून धावत यायची. एकदा तर हातात चप्पल घेऊनच आली होती. चौदा-पंधरा वर्षं मी ते ओरडले नव्हते. आईनं नऊ महिने रोज ते नाव घेतलं, नवऱ्यानं एक-दोनदा घेऊन पाहिलं, बसमधल्या त्या माणसानंही ऐकलं. माझ्या तोंडून ते एकदाही निघालं नव्हतं. मी जिला भीत होते ती टीव्हीवरची बाई. तिच्या नादात माझी बहीण माझ्याच घरात परत तोंड झाकून बसली होती.

मी पेन घेतलं. 'बेबी ऑफ'वर काट मारली आणि नाव लिहिलं. शेवटचं अक्षर वाकडं आलं. भीती गेली होती असं मी म्हणणार नाही. शाळेचा पहिला दिवस, कँटीनचा चहा, बसमधली माणसं, सगळं जिथल्या तिथं होतं आणि पुढंही असणार होतं. उद्या अमरावतीला जाऊन खिडकीच्या बाहेरच्या बाजूनं अर्ज द्यावा लागणार होता आणि वाचणारा वर पाहणार होता. लिहिलेलं नाव मी वाचलं. मग हाक मारली.

पोरीनं चमचा थांबवला. माझ्याकडे पाहिलं. आणि मग गोंधळून मान वळवून स्वयंपाकघराकडे पाहू लागली, कारण ते नाव आजवर त्याच आवाजातून आलं होतं.

आत भाकरीचा आवाज बंद पडला. आई पिठाच्या हातांनी दारात आली.  तिनं पोरीकडे पाहिलंच नाही, माझ्याकडेच पाहत होती.

"तू आवाज देला?" तिनं विचारलं.

मी मान डोलावली. ती चौकटीला टेकून खाली बसली.

"अजून एकदा दे," आई म्हणाली.

 मी पुन्हा हाक मारली.